महाधमनीच्या कमानीचं हायब्रिड ऑपरेशन: घरच्यांनी काय विचारावं, काय सांभाळावं

सगळ्यात आधी सीटी अँजिओची (नसेतून औषध देऊन रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) सीडी किंवा पेनड्राइव्ह मिळवा. बीड, परभणी, हिंगोलीकडून येणारे बहुतेक जण मोठ्या पाकिटात फिल्मच्या गुंडाळ्या आणि रिपोर्टचा कागद घेऊन येतात. त्यावरून आजार कळतो, पण ऑपरेशन ठरत नाही. सर्जनला ती महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, कॉम्प्युटरवर हवी तशी फिरवून मिलिमीटरमध्ये मोजायची असते: कुठे किती रुंद, कुठे किती वळण, कुठली फांदी कुठून निघते. छापलेल्या फिल्मवर हे मोजमाप होत नाही. सीटी करतानाच सेंटरवाल्यांना सांगा की मानेपासून मांडीपर्यंत काढा आणि एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप ठेवा. सोय असेल तर ईसीजीशी जोडून काढा, कारण हृदयाजवळचा भाग प्रत्येक ठोक्याला हलतो आणि साध्या सीटीत तिथली कड धूसर दिसते. नुसत्या छातीचा सीटी काढून आलात तर पुन्हा काढावा लागतो. म्हणजे पुन्हा पैसे, आणि किडनीवर पुन्हा त्या औषधाचा भार. सीटीआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासा आणि शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मी मूळची जिंतूरची. छत्रपती संभाजीनगरात हृदयाच्या ऑपरेशनला भूल देते. कमानीच्या ऑपरेशनमध्ये पेशंटला झोपवणं हा माझ्या कामाचा छोटा भाग. मेंदू, मज्जारज्जू आणि किडनी यांना रक्त पोचतंय का, यावर तासन् तास नजर ठेवणं हे खरं काम. ऑपरेशन कसं करायचं ते सर्जन ठरवतात. ते कशावरून ठरतं आणि त्यात घरच्यांच्या हातात काय असतं, ते मी इथे सांगते.

कमान आणि तिच्या तीन फांद्या

हृदयातून निघालेली महाधमनी आधी वर जाते, छातीच्या वरच्या भागात वळते आणि पाठीच्या कण्यालगत खाली उतरते. ते वळण म्हणजे कमान. तिथून तीन फांद्या निघतात. पहिली उजव्या हाताला आणि मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त देते, दुसरी मेंदूच्या डाव्या बाजूला. तिसरी डाव्या हाताला जाते, पण मेंदूचा मागचा भाग आणि मज्जारज्जू यांनाही तिच्यातून वाटा मिळतो. पुढे हे तिसऱ्या फांदीचं प्रकरण फार महत्त्वाचं ठरतं.

निरोगी कमान साधारण अडीच-तीन सेंटिमीटर रुंद असते. ती फुगत साडेपाच सेंटिमीटरच्या पुढे गेली की फुटण्याचा धोका ऑपरेशनच्या धोक्यापेक्षा जड व्हायला लागतो, आणि मग सर्जन ऑपरेशन सुचवतात. मार्फानसारखा आनुवंशिक आजार असेल, हा फुगा (त्यालाच आम्ही गाठ म्हणतो) भराभर वाढत असेल किंवा दुखत असेल, तर त्याआधीच. दुसरा प्रकार भिंत चिरण्याचा. आतला थर फाटतो आणि रक्त दोन थरांच्या मधे शिरतं. ही चीर हृदयाजवळच्या भागात असेल तर तो तासांचा खेळ असतो, दिवसांचा नाही.

ओपीडीत हमखास येणारा प्रश्न असा: "मॅडम, हार्टमधी स्प्रिंग टाकतेत तशी टाका की, छाती कशाला उघडायलात?" प्रश्न रास्त आहे. मांडीच्या धमनीतून कापडाचं आवरण असलेला स्टेंट वर नेऊन आतून नवं अस्तर लावता येतं. छातीच्या महाधमनीत हे अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी करून दाखवलं आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध केलं. सरळ खाली जाणाऱ्या भागात हे उत्तम चालतं. कमानीत अडचण येते. ठिबकची मेन लाइन खराब झाली म्हणून तिच्यात आतून दुसरा पाइप सरकवला, तर जिथून सबलाइन निघतात तिथली तोंडंच बंद होतील. इथे त्या सबलाइन मेंदूला जातात. म्हणून आधी उघड्या शस्त्रक्रियेने फांद्यांना दुसरीकडून रक्ताची वाट करून द्यायची आणि मग आतून स्टेंट बसवायचा. या दोन्हींच्या जोडीला हायब्रिड म्हणतात. हल्ली फांद्या असलेले तयार स्टेंटही आलेत, पण ते प्रत्येकाच्या कमानीच्या मापात बसत नाहीत, आणि आणीबाणीत तर मागवायलाही वेळ नसतो.

प्लॅन कशावरून ठरतो

स्टेंटला घट्ट धरून बसायला दोन्ही टोकांना निरोगी भिंत लागते, साधारण दोन सेंटिमीटर तरी. वरच्या टोकाला ही जागा कुठे मिळते, यावर सगळं गणित फिरतं. सर्जनशी बोलताना पहिला प्रश्न हाच विचारा: "स्टेंटचं वरचं टोक कुठे बसणार?" त्याच्या उत्तरातून किती कापाकापी आहे ते आपोआप कळतं.

जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या फांदीच्या मधे मिळाली, तर झाकली जाते ती फक्त तिसरी. मग मानेच्या डाव्या बाजूला छोटी चीर घेऊन दुसऱ्या फांदीतून तिसरीला बायपास जोडतात आणि स्टेंट मांडीतून जातो. छाती उघडावी लागत नाही. काही ठिकाणी तिसरी फांदी बायपास न करता तशीच झाकतात; डावा हात आजूबाजूच्या नसांवर बऱ्याचदा निभावतो. पण तुमच्या माणसाची आधी हृदयाची बायपास झाली असेल, तर मला स्वतःला हा मानेतला बायपास अजिबात सोडू नये असं वाटतं. हृदयाच्या बायपासमध्ये छातीतली डावी धमनी हृदयाला जोडतात, आणि ती निघते याच तिसऱ्या फांदीतून. फांदी झाकली की हृदयाचा पुरवठा तुटला. डाव्या हातात डायलिसिसचा फिस्टुला असेल, मेंदूमागची डावी धमनीच मोठी असेल, किंवा पूर्वी पोटातल्या महाधमनीचं ऑपरेशन झालं असेल, तरीही तेच. जुन्या ऑपरेशनचे कागद घरी ट्रंकेत ठेवून येऊ नका.

आजार कमानीच्या मध्यावर असेल, तर छाती उघडून हृदयाजवळच्या चांगल्या भागावर फांद्यांची कृत्रिम नळी शिवतात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या एकेक करून तिच्यावर हलवतात. यात बऱ्याचदा हृदय थांबवावं लागत नाही. वयस्कर, फुफ्फुसं बिडीने कमजोर झालेल्या माणसाला हा मोठा फायदा. अट एकच: हृदयाजवळचा तो भाग खरोखर चांगला असावा. तो चार सेंटिमीटरच्या आसपास फुगलेला असेल आणि तरी त्यात स्टेंटचं टोक बसवलं, तर तिथेच उलटी चीर पडण्याचा धोका असतो. म्हणून "हृदयाजवळचा भाग किती सेंटिमीटर आहे?" हा दुसरा प्रश्न.

तो भागही खराब असेल, तर मार्ग मोठा आहे. हार्ट-लंग मशीनवर घेऊन हृदयाजवळचा भाग आणि कमान दोन्ही बदलतात, आणि नव्या नळीचं शेपूट खाली उतरणाऱ्या महाधमनीत सोडतात. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या हान्स बोर्स्ट यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. तिला हत्तीची सोंड म्हणतात. आता त्या सोंडेतच स्टेंट बसवलेला असतो, त्यामुळे ती आत ताठ उघडते आणि पुढे गरज पडली तर मांडीतून दुसरा स्टेंट तिला जोडता येतो. या ऑपरेशनमध्ये शरीर साधारण २५ ते २८ अंशांपर्यंत थंड करतात, काही वेळ खालच्या शरीराचं रक्त थांबवतात आणि मेंदूला मात्र वेगळ्या नळीतून रक्त देत राहतात. कपाळावर लावलेल्या पट्ट्या मेंदूतला ऑक्सिजन सतत दाखवतात. डाव्या बाजूचा आकडा उतरायला लागला की मी मोठ्याने सांगते आणि अख्खं थिएटर तिकडे वळतं.

वय कमी असेल किंवा मार्फानसारखा आजार असेल, तर "छोटं ऑपरेशन करा" हा आग्रह धरू नका. त्या माणसाची भिंतच नाजूक असते, स्टेंटच्या दाबाने ती पुन्हा चिरू शकते, आणि त्याला अजून कितीतरी वर्षं काढायची असतात. तिथे बहुतेक वेळा पूर्ण उघडं ऑपरेशनच बरं. हायब्रिड खऱ्या अर्थाने कामाला येतं ते वयस्कर, अनेक आजार असलेल्या पेशंटला.

गंगाखेडकडचे एक अण्णा आठवतात. साठी ओलांडलेली, बिडीची जुनी सवय, बीपीची गोळी "बरं वाटायलंय" म्हणून बंद केलेली. आवाज बसला म्हणून घशाच्या डॉक्टरांकडे गेले. घसा स्वच्छ होता, पण डावी स्वरपट्टी हलत नव्हती. त्या पट्टीची नस कमानीच्या खालून वळसा घेऊन वर येते. त्या डॉक्टरांनी हे ओळखून छातीचा सीटी सांगितला, आणि कमानीतली सहा सेंटिमीटरच्या वरची गाठ सापडली. हृदयाजवळचा भाग चांगला निघाल्यामुळे फांद्या हलवून स्टेंट, असं दोन टप्प्यांत ठरलं. स्टेंट उघडायच्या क्षणी मी पेसिंग तारेने हृदयाचे ठोके इतके जलद केले की काही सेकंद दाब जवळजवळ बसला. रक्ताचा जोर असताना स्टेंट उघडला तर तो खाली ढकलला जातो. मॉनिटरवरची रेघ सपाट होत गेली, सर्जनने स्टेंटवरचं म्यान मागे ओढलं, स्टेंट जागेवर बसला, पेसिंग बंद केलं आणि रेघ परत चढली.

दोन टप्प्यांचा प्लॅन असेल तर एक गोष्ट मनावर घ्या. पहिला टप्पा झाला, जखम भरली, माणूस चालायला लागला, की घरी वाटतं आता सोयाबीन काढून घेऊ, दिवाळीनंतर बघू. गाठ अजून तिथेच असते आणि मधल्या काळातही फुटू शकते. दुसऱ्या टप्प्याची तारीख लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.

पैसे, कागद, रक्त

स्टेंट-ग्राफ्टची किंमत लाखांत जाते, त्यामुळे हे आधी बोला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र योजनेतल्या दवाखान्यात बसतो. रेशनकार्ड, आधार आणि सीटीचा रिपोर्ट घेऊन त्याला भेटा आणि नेमकं विचारा: कुठलं पॅकेज लागेल, स्टेंटचा खर्च त्यात पूर्ण बसतो का, उरलेला किती? उत्तर लेखी घ्या. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांना कायद्याने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला त्यासाठी लागतो, तो आधीच काढा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज दवाखान्याच्या खर्चाच्या अंदाजपत्रकासह जातो, आणि ऑपरेशनच्या आधीच करायचा असतो.

कुठे जायचं? नांदेडची माणसं हैदराबाद धरतात, लातूर-धाराशिवची सोलापूर किंवा पुणं, बीडची पुणं नाहीतर संभाजीनगर. गाव जवळ असण्यापेक्षा मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. हृदयाचा सर्जन आणि स्टेंट बसवणारा डॉक्टर एकत्र बसून प्लॅन करतात का? रात्री गरज पडली तर दोघंही येतात का? आणि हे काम त्यांच्याकडे नियमित होतं का? लकवा, पाय जाणं, किडनी बंद पडणं, मृत्यू, यांचे त्यांचे स्वतःचे आकडे विचारा. चांगली टीम या प्रश्नाने रागावत नाही.

रक्तदात्यांची यादी आधीच करा. ओळखीची चार-सहा धडधाकट पोरं त्या दिवशी शहरात हजर असू द्या. या ऑपरेशनला लाल पेशींबरोबर प्लाझ्मा आणि प्लेटलेटही लागतात. किडलेले दात असतील तर आधी दाखवून घ्या. तोंडातला जंतू नव्या नळीवर जाऊन बसला तर त्याला तिथून काढणं फार अवघड. बिडी, तंबाखू, मशेरी आज बंद, ऑपरेशनच्या आदल्या रात्री नव्हे.

आयसीयूत

दोन्ही हातांत नळ्या, मानेत नळी, आणि कधीकधी पाठीतून निघालेली एक बारीक नळी दिसेल. दोन्ही हातांत यासाठी की दोन्हीकडचा दाब वेगळा असू शकतो आणि मला दोन्ही बघायचे असतात. पाठीतली नळी मणक्यातलं पाणी हळूहळू बाहेर काढते. स्टेंटने मज्जारज्जूला जाणाऱ्या बारीक फांद्या झाकल्या जातात, तेव्हा आतला दाब कमी ठेवला तर रक्त आत शिरायला जागा मिळते.

त्या नळीचा सगळा हिशोब उंचीवर चालतो. म्हणून हात जोडून सांगते, पेशंटला तहान लागली, कंबर दुखायली, म्हणून पलंग वर करू नका, त्याला उठून बसवू नका, उशी बदलू नका. आधी सिस्टरला हाक मारा, ती नळीची चावी बंद करेल. उंची बदलली की पाणी भसाभस निघतं, आणि त्याने डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो.

शुद्धीवर आल्यावर आम्ही नाव विचारतो, हात दाबायला लावतो, पायाची बोटं हलवायला सांगतो. भेटायला गेलात की तुम्हीही हेच करा. पाय सुरुवातीला हलतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जड पडतात, असंही घडतं. "मॅडम, सकाळी पाय उचलत होते, आता उचलंनात," हे वाक्य त्याच मिनिटाला सांगितलं तर दाब वाढवून, पाणी काढून पाय परत येऊ शकतात. उद्या राउंडला सांगू, असं म्हणू नका.

घरी आल्यावर

बीपी कुठल्या हातावर मोजायचा, ते डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. तिसरी फांदी झाकली असेल तर डाव्या हाताचा आकडा खोटा कमी येतो. उपकेंद्रात डाव्या हाताला पट्टा बांधला, ११० आला, सगळे खूश, आणि उजव्या हातात तो १६० असतो. दोन्ही हातांवर मोजून ज्याचा जास्त येतो तो धरायचा.

दाब फार खाली जाणंही वाईट. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं आणि गोळ्या मात्र चालूच राहिल्या, तर दाब कोसळतो आणि मज्जारज्जूला रक्त कमी पडतं. अशा वेळी आपल्या टीमला फोन करून गोळ्यांचं विचारा. पाय जड वाटले तर थेट गाडीत बसा.

जुलाबासाठी किंवा लघवीच्या जळजळीसाठी मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन घेऊ नका. महाधमनीच्या पेशंटला या गटातल्या औषधांनी भिंत फाटण्याचा धोका वाढतो, अशी ताकीद अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिली आहे. दुसरा पर्याय बहुतेक वेळा असतो, डॉक्टरांना तो मागा. ताप पाच-सहा दिवस उतरेना तर गावात सलाइन-इंजेक्शन चढवत बसू नका. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर (जंतू शोधायची तपासणी) जायला हवं. खोकल्यातून किंवा उलटीतून रक्त आलं, थोडंसं का असेना, तर १०८ ला फोन.

छाती उघडली असेल तर तीन महिने पोतं, घागर, मोटारसायकलचं स्टँड यातलं काही ओढायचं-उचलायचं नाही. शौचाला कुंथायचं नाही, इसबगोल घ्या. चालणं मात्र रोज.

आणि सीटी. साधारण एक महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने, मग दरवर्षी, आयुष्यभर. स्टेंटच्या कडेने किंवा मागच्या दाराने गाठीत पुन्हा रक्त शिरू शकतं, आणि ते दुखत नाही, कळत नाही. उघड्या ऑपरेशनची शिवण एकदा टिकली की बहुधा टिकते. स्टेंटचं तसं नाही. वर्षाला एकदा शहरात जाऊन सीटी काढणं जमणार नसेल, तर ते ऑपरेशन ठरवतानाच सर्जनला स्पष्ट सांगा, त्यावरून निवड बदलू शकते. स्टेंटचं कार्ड मिळतं, त्यावर कंपनी, माप, नंबर असतो. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, पुढे एमआरआय लागला तर तो दाखवावा लागेल.

ज्यांना अजून काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी

छातीत किंवा दोन्ही खांद्यांच्या मधे अचानक, पहिल्याच क्षणी टोकाची, फाटल्यासारखी कळ आली आणि ईसीजीत हार्ट अटॅक दिसेना, तर तालुक्याच्या डॉक्टरांना नम्रपणे म्हणा, "साहेब, दोन्ही हातांचा बीपी बघता का?" दोन्हींत २० पेक्षा जास्त फरक, एका हाताची नाडी बारीक, किंवा कळेबरोबर बोबडी वळणं, पाय लुळा पडणं, यातलं काही असेल तर रक्त पातळ करणारं किंवा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याआधी सीटी व्हायला हवा. चीर असेल तर ते इंजेक्शन जीव घेऊ शकतं. पोचेपर्यंत कळ थांबवणं आणि नाडी व दाब खाली आणणं हाच उपचार: ठोके साठच्या आसपास, वरचा दाब १२० च्या आत. रेफर करताना दिलेली औषधं आणि वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या.

घरात एकाला कमानीचा किंवा हृदयाजवळच्या महाधमनीचा आजार निघाला, तर सख्ख्या भावंडांची आणि मुलांची एकदा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. इंजेक्शन नाही, रेडिएशन नाही, अर्ध्या तासाचं काम. इकोत कमान नीट दिसली नाही किंवा कुठे मोठी वाटली तरच पुढे सीटी. वडिलांना सोडायला आलेली धाकटी मुलं दवाखान्यात असतातच, तेव्हाच नंबर लावून टाका.